नवी हार्ड डिस्क अधूनमधून गायब होते: परत करण्याआधी काय तपासायचं

परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना एक तक्रार सारखी येते. डेस्कटॉपमध्ये नवी इंटर्नल हार्ड डिस्क बसवली, पहिले काही दिवस मस्त चालली आणि मग मध्येच नाहीशी व्हायला लागली. "सर, डी ड्राइव्ह दिसना गेलीय. सकाळी होती, आता नाही." कॉम्प्युटर बंद करून चालू केला की परत येते. आठवडाभर काही होत नाही, मग पुन्हा जाते. दुकानदार डिस्क बदलून देतो. बदललेली डिस्कही तेच करते. मग कंपनीच्या नावाने बोटं मोडली जातात.

डिस्क बदलूनही तक्रार तीच राहिली, तर दोष बहुतेक वेळा डिस्कच्या बाहेर असतो. डेटा केबल, पॉवरचा कनेक्टर, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), इन्व्हर्टर यांपैकी कुठे तरी. नेमका कुठे, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, कारण डिस्क स्वतःच तिच्यावर काय काय गुजरलं त्याची नोंद ठेवत असते. फक्त ती नोंद वाचायला एक आधार लागतो: डिस्क बसवली त्या दिवशीचे आकडे. ते लिहून ठेवलेले असले की पुढचा अर्धा तपास बसल्या जागी होतो. नसले, तर आज दिसणारा आकडा जुना आहे की कालचा, हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून सुरुवात पहिल्या दिवसापासून करतो. तुमची डिस्क आधीच त्रास देत असेल तर आजचे आकडे घ्या आणि आजचाच दिवस पहिला धरा.

पहिल्या दिवशी घाबरवणाऱ्या, पण दोष नसलेल्या गोष्टी

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, २ टीबीची १.८१ टीबी आणि ४ टीबीची ३.६३ टीबी. यात कुणी फसवलेलं नसतं. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते. विंडोज त्याच बाइटना १०२४ ने भागत जातं आणि नाव मात्र तेच वापरतं.

डिस्क लावली आणि धिस पीसीमध्ये काहीच आलं नाही, तर स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. नवी डिस्क कोरी असते. तिला इनिशियलाइझ करून पार्टिशन पाडावं लागतं. तिथे एमबीआर की जीपीटी असं विचारलं तर जीपीटी निवडा. एमबीआरमध्ये २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. ४ टीबीची डिस्क अर्धीच दिसते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची अडचण बहुधा हीच असते.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक जास्त घाबरतात. एसएसडीची सवय झालेल्या माणसाला फिरणारी डिस्क पुन्हा ऐकली की ती खराबच वाटते. चालू होताना चढत जाणारा घोंघाट, फाइल उघडताना हलकी खरखर, रिकामी असताना मधूनच एखादी टिक, हे सगळं नेहमीचं आहे. काम नसलं की डिस्क आपलं हेड, म्हणजे वाचणारी-लिहिणारी सुई, बाजूला नेऊन ठेवते, त्याचीही टिक येते. पूर्ण कॅबिनेट गुणगुणत असेल तर स्क्रू बघा. दोनच स्क्रूंवर डिस्क टांगून ठेवायची पद्धत फार बोकाळली आहे. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्याचे चार स्क्रू लागतात; अडीच इंचीचे बारीक आट्याचे स्क्रू तिला बसत नाहीत, ते नुसते अडकून राहतात. डिस्क थरथरत राहिली की हेडला आपला ट्रॅक (माहिती लिहिलेला गोल पट्टा) धरून ठेवणं अवघड जातं आणि वेगही पडतो.

धोक्याचा आवाज वेगळाच. डिस्क फिरू लागते, टक-टक-टक होतं, फिरणं थांबतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मात्र तो ऐकूनही लगेच डिस्कवर शिक्का मारू नका. पॉवर कमी पडली तरी असाच आवाज येतो. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला लावून ऐका आणि मग ठरवा.

कोणते आकडे लिहून ठेवायचे

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते डिस्कमधल्या ‘स्मार्ट’ नोंदी दाखवतं. उघडल्यावर आकडे हेक्स पद्धतीत असतात, म्हणजे मध्येच ए, बी, सी अशी अक्षरं दिसतात. फंक्शन मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, आणि तिथे दशमान म्हणजे १० चा पर्याय निवडा. आता रॉ व्हॅल्यू हा रकाना बघायचा. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. स्क्रीनशॉट काढून त्याच डिस्कवर ठेवू नका. हवा असेल तेव्हा डिस्कच गायब असेल.

यादी लांबलचक असते. त्यातल्या आपल्या कामाच्या ओळी अशा. ०९ म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली. ०४ म्हणजे ती फिरायला लागून थांबण्याचे प्रसंग, ०सी म्हणजे किती वेळा तिला नव्याने पॉवर मिळाली. सी० म्हणजे अचानक पॉवर गेल्यामुळे हेड घाईघाईने मागे घ्यावं लागण्याचे प्रसंग. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पृष्ठभागाच्या तब्येतीच्या. सी७ ही केबलवरून जाताना बिघडलेल्या माहितीची.

सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ समोर प्रचंड मोठे आकडे दिसतात, अगदी कोरी डिस्क असली तरी. तिथे एकाच जागेत दोन आकडे एकत्र ठेवलेले असतात, म्हणून ते तसे दिसतात. ते पाहून डिस्क परत करायला धावू नका.

०९ समोरचा आकडा गाडीच्या किलोमीटरसारखा. नवी डिस्क म्हणून घेतली तर तिथे शून्य, एक, दोन असं काही तरी हवं. हजारांत आकडा असेल तर ती डिस्क कुठल्या तरी डीव्हीआरमधून किंवा सर्व्हरमधून निघून आली आहे, मग पॅकिंग कितीही करकरीत असो. हा आकडा पुसताही येतो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सर्व्हर डिस्क नोंदी पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं, ते सीगेटच्या डिस्कमधल्या ‘फार्म’ नावाच्या वेगळ्या नोंदीमुळे. ती नोंद स्मार्टमॉनटूल्स या मोफत सॉफ्टवेअरच्या ७.४ पासून पुढच्या आवृत्त्यांत वाचता येते. सिकंदराबादहून, पुण्याहून किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळालेली मोठी सर्व्हर डिस्क असेल तर हे जरूर पाहा. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि तो डिस्कच्या स्टिकरशी व सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या नंबराशी जुळवा. तिन्ही एक हवेत. त्याच नंबरवरून कंपनीच्या साइटवर वॉरंटी कधीपर्यंत आहे तेही दिसतं.

डिस्क गायब झाली की

रिस्टार्ट करायच्या आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. त्या क्षणी काय चाललं होतं? लाईट गेली, आली, इन्व्हर्टरने आवाज केला, शेजारचा पंप चालू झाला, की काहीच नाही? मग कॉम्प्युटर पुन्हा चालू करून इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम उघडा आणि त्या वेळेच्या आसपासच्या नोंदी पाहा. १२९ नंबरची नोंद असेल तर डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तिला रीसेट केलं. १५३ म्हणजे वाचन किंवा लेखन पुन्हा करावं लागलं. ११ म्हणजे कंट्रोलरला, म्हणजे बहुधा जोडणीला, अडचण आली. ७ असेल तर डिस्कने खराब ब्लॉक कळवला.

यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून आजचे आकडे पहिल्या दिवसाच्या फोटोशी ताडून पाहा. कोणता आकडा हलला, त्यावरून पुढची दिशा ठरते. या काळात विंडोजमधलं स्लीप बंद ठेवा, नाही तर ०४ आणि ०सी त्यामुळेही वाढतील आणि गोंधळ होईल.

०४, ०सी किंवा सी० वाढला: लाईट आणि पॉवर

आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच आहे, म्हणून याला वेळ देतो.

साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ असे दोन व्होल्टेज लागतात. फिरायला लागताना ती १२ व्होल्टवर क्षणभर २ अँपिअरच्या आसपास करंट ओढते. एकदा वेग घेतला की काम थोडक्यात भागतं. १२ व्होल्ट घसरून साधारण पावणेअकराच्या खाली गेले की डिस्कची मोटर वेग धरू शकत नाही. डिस्क थांबते, स्वतःला सावरते, पुन्हा फिरू लागते. तेवढ्या वेळात विंडोज तिची वाट पाहून थकलेलं असतं. कॉम्प्युटर मात्र चालूच राहतो, म्हणून पॉवरवर कुणाला संशय येत नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावातल्या फोटो स्टुडिओत नेमकं हेच होत होतं. लग्नसराई तोंडावर, ४ टीबीची नवी डिस्क, त्यावर शूटिंग उतरवायचं काम सुरू. डिस्क दिवसा चालायची आणि संध्याकाळी एका ठराविक सुमाराला जायची. कॉम्प्युटर सकाळपासून एकदाही बंद केलेला नसताना संध्याकाळी ०४ आणि सी० दोन्ही वाढलेले होते. म्हणजे डिस्क दिवसभरात स्वतःहून बंद-चालू झाली होती. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या १२९ च्या नोंदींची वेळ आणि गावात थ्री फेज यायची वेळ एकच निघाली. थ्री फेज आली की ऑटो स्विचवर ठेवलेल्या सगळ्या मोटारी एका दमात चालू होतात. गावठाणाचं फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळं नसेल तर त्या क्षणी घरातला बल्बही मिणमिणतो.

"पण माझा कॉम्प्युटर तर इन्व्हर्टरवर आहे," असं स्टुडिओवाल्या दादांचं म्हणणं. आणि गंमत म्हणजे खरी गोष्ट तिथेच होती. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो: यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. काही कंपन्या दुसऱ्याला इको किंवा वाइड म्हणतात. यूपीएस मोडमध्ये लाईन साधारण १८० व्होल्टच्या खाली गेली की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो आणि ही बदली १० मिलिसेकंदांच्या आसपास होते. नॉर्मल मोडमध्ये तो १०० व्होल्टपर्यंत लाईन तशीच पुढे पाठवत राहतो आणि बदलीला तिप्पट-चौपट वेळ घेतो. एसएमपीएसकडून अपेक्षा असते की लाईट गेल्यावर १६-१७ मिलिसेकंद त्याने आपल्या साठ्यावर काम ओढून न्यावं. स्वस्त एसएमपीएस पूर्ण लोडवर तेवढंही ओढत नाही. हिशोब सरळ आहे: यूपीएस मोडमधली बदली त्या वेळेत बसते, नॉर्मल मोडमधली बसत नाही.

मग इन्व्हर्टर नॉर्मलवर का ठेवलेला असतो? कारण खेड्यात व्होल्टेज तासन्तास १७०-१८० ला असतं. यूपीएस मोडवर ठेवला तर इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जातो, बॅटरी चार्ज होत नाही, पंखे रात्री बंद पडतात. म्हणून इलेक्ट्रिशियन बसवतानाच स्विच नॉर्मलवर टाकून जातो. पंख्यांसाठी त्याचा निर्णय बरोबरच आहे. कॉम्प्युटरसाठी वेगळी सोय हवी.

ती सोय म्हणजे कॉम्प्युटरपुरता छोटा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस. तो कमी व्होल्टेज स्वतः उचलून देतो आणि बदलीही लवकर करतो. हा यूपीएस इन्व्हर्टरच्या पुढे लावणार असाल तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह हवा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर बरेच छोटे यूपीएस ती लाईन मानतच नाहीत. बीप करत आपली बॅटरी संपवतात. जुना यूपीएस असेल तर आधी त्याची बॅटरी तपासा. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत त्याहून लवकर. बॅटरी मेलेला यूपीएस नुसता भिंतीवरचा बोर्ड आहे. कॉम्प्युटर चालू ठेवून यूपीएसचा प्लग काढून बघा, पण सगळं काम सेव्ह करून आणि डिस्कवर कॉपी चालू नसताना.

पॉवरचा दुसरा कच्चा दुवा कॅबिनेटच्या आत असतो. एसएमपीएसला साटा (आजच्या डिस्कची जोडणी) पॉवरची पिन कमी पडली म्हणून जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून रूपांतर करणारी वायर लावतात, कधी एकावर एक दोन. या सैल बसतात, तापतात, आणि डिस्कने मोठा करंट मागितला की नेमक्या तेव्हाच व्होल्टेज पाडतात. ओतीव प्लास्टिकमध्ये वायरी गाडलेले कनेक्टर तर टाळाच. त्यांच्या आत वायरी एकमेकींना भिडून शॉर्ट झाल्याचे, जळाल्याचे प्रकार जगभर झाले आहेत. एसएमपीएसमधून थेट येणारी साटा पॉवर वायर डिस्कला द्या आणि ती दुसऱ्या कशाबरोबर वाटू नका. स्टुडिओत आधी फक्त इन्व्हर्टरचा स्विच यूपीएस मोडवर टाकला, तेवढ्याने संध्याकाळचं जाणं थांबलं. एसएमपीएस आणि छोटा यूपीएस नंतर घेतला. डिस्क अजून तीच आहे.

सर्व्हरमधली डिस्क डेस्कटॉपला लावली आणि ती मुळीच फिरत नाही, असं असेल तर वेगळी शक्यता आहे. काही सर्व्हर डिस्कमध्ये साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते. दुरून बंद करता यावी म्हणून ती सोय असते. काही एसएमपीएस त्या पिनवर ३.३ व्होल्ट देतात. अशा डिस्कसाठी ती पिन टेपने झाकतात.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा सुकलं आहे. आपली काळी जमीन पावसाळ्यात ओल धरून असते, पण मार्चनंतर तिला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते. खड्ड्यात पाणी घाला. मीठ-कोळसा भरून बरीच वर्षं झाली असतील तर नव्याने भरून घ्या. हे काम डिस्कसाठी नाही तर माणसांसाठी आधी करा.

फक्त सी७ वाढला: डेटा केबल

सी७ समोरचा आकडा कधीच कमी होत नाही. केबल बदलली तरी जुना आकडा तसाच राहतो, म्हणून लोक म्हणतात "केबल बदलून बघितली, काही फरक नाही." फरक आकडा कमी होण्यात शोधायचा नसतो, तो वाढायचा थांबला का ते बघायचं. केबल बदलली त्या दिवशी आकडा लिहा, मोठी फाइल इकडून तिकडे करा, पुन्हा बघा. जिथल्या तिथे असेल तर काम झालं.

जुन्या डीव्हीडी रायटरची, बरीच वर्षं कॅबिनेटमध्ये मुडपून पडलेली लाल केबल नव्या डिस्कला लावणं ही सगळ्यात नेहमीची गोष्ट. तिचं टोक सैल झालेलं असतं. धातूची क्लिप असलेली नवी केबल घ्या, बसताना खट्ट असा आवाज यायला हवा. एका मीटरपेक्षा लांब नको. कॅबिनेटमध्ये अर्धा मीटर पुष्कळ होते. टोकापाशी एकदम काटकोनात दुमडू नका. बाजूचं झाकण लावल्यावर ते केबलवर दाब देतं का, हेही पाहा. एका सेवा केंद्रात झाकण काढलं की डिस्क नीट चालायची आणि लावलं की जायची. तिथे काटकोनी टोकाची केबल वापरली आणि प्रश्न मिटला.

जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत कापसाचा तंतू आणि डाळ मिलजवळच्या दुकानांत बारीक भुकटी कॅबिनेटमध्ये सगळीकडे बसते. कनेक्टरमध्येही जाते. लाईट पूर्ण बंद करून, ब्लोअरने लांबून हवा मारून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसा. बहुतेक डिस्कच्या अंगावर एक बारीक छिद्र असतं आणि ते झाकू नका असं बाजूला लिहिलेलं असतं. आतबाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते असतं. त्यात हवा मारू नका आणि त्यावर स्टिकर चिकटवू नका.

०५, सी५, सी६ वाढले: आता डिस्क परत करा

नव्या डिस्कवर हे तिन्ही शून्य हवेत. ०५ म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे तुकडे), सी५ म्हणजे संशयित, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. पहिल्या महिन्यात ०५ चढत असेल तर चर्चा करू नका. डेटा काढा आणि डिस्क परत द्या.

एक अपवाद आहे. लिहिता लिहिता लाईट गेली तर तो सेक्टर अर्धवट लिहिला जातो आणि सी५ मध्ये येतो, पृष्ठभाग चांगला असूनही. त्यावर पुन्हा लिहिलं गेलं की सी५ परत शून्यावर येतो आणि ०५ वाढत नाही. म्हणून सी५ दिसला तर डेटा दुसरीकडे काढून पूर्ण फॉर्मॅट करा, म्हणजे क्विक फॉर्मॅटची खूण काढून. विंडोज त्यात प्रत्येक सेक्टरवर लिहितं. १ टीबीला दोन तासांच्या आसपास लागतात, ४ टीबीला सात-आठ. सी५ गेला आणि ०५ शून्यच राहिला तर डिस्क ठीक आहे. ०५ वाढला तर परत.

हा पूर्ण फॉर्मॅट खरं तर नवी डिस्क आल्या आल्याच करावा, दुकानदाराची किंवा ऑनलाइनची बदलून देण्याची मुदत संपायच्या आत. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून सुरू करा. मध्येच लाईट गेली तर डिस्कचं नुकसान होत नाही, पण पहिल्यापासून करावं लागतं.

आणि यात कुठेही डेटाची एकच प्रत त्या नव्या डिस्कवर ठेवू नका. कुणाच्या तरी मुलीचं लग्न, कुणाचे सातबाराचे स्कॅन, शाळेचे निकाल. डिस्क वॉरंटीत बदलून मिळते, आतला डेटा कंपनी देत नाही. कॅमेऱ्याचं कार्ड दुसरी प्रत झाल्याशिवाय पुसायचं नाही, हा नियम स्टुडिओत भिंतीवर लिहून लावावा इतका महत्त्वाचा आहे.

एकही आकडा हलत नाही, पण डिस्क अडकते

मोठी कॉपी सुरुवातीला १५०-१८० एमबीने पळते, काही वेळाने १५-२० वर येते, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि फोल्डर उघडत नाही. "गायब झाली" म्हणून आलेल्या कितीतरी डिस्क अशा नुसत्या अडकलेल्या असतात. हा एसएमआर डिस्कचा स्वभाव. या प्रकारात ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, म्हणून त्याच जागेत जास्त माहिती मावते. पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. नवं लेखन आधी एका राखीव पट्ट्यात घेतलं जातं. तो भरला की वेग कोसळतो. स्वस्तातल्या २ ते ८ टीबीच्या डेस्कटॉप डिस्कमध्ये हा प्रकार सर्रास आहे. कोणती डिस्क एसएमआर आणि कोणती सीएमआर (ट्रॅक वेगवेगळे ठेवणारी) हे कंपन्या पूर्वी सांगतही नव्हत्या. २०२० मध्ये ग्राहकांनी ओरड केल्यावर वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिघांनी याद्या जाहीर केल्या. घेण्याआधी मॉडेल नंबर त्या यादीत बघा.

एसएमआर डिस्क खराब नसते. झालेलं काम साठवायला, एकदा लिहून अनेकदा वाचायला ती चांगली. त्यावरून थेट व्हिडिओ एडिटिंग करणं किंवा दोन-तीन डिस्कची रेड बांधणं, म्हणजे त्या जोडून एकच डिस्क करणं, टाळा. मोठी कॉपी झाली की कॉम्प्युटर तासभर चालू ठेवा; रिकाम्या वेळेत ती राखीव पट्टा मोकळा करते.

डिस्क भरत आली की वेग निम्म्यावर येतो, तो सगळ्याच फिरणाऱ्या डिस्कचा. बाहेरचे ट्रॅक मोठे असतात, आतले लहान. लेखन बाहेरून आत येतं.

फक्त काही वेळ काम न केल्यावरच डिस्क जात असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर ही ओळ बघा. नेहमीची मुदत २० मिनिटांची असते; ती भरून डिस्क थांबली की ०४ मात्र वाढतो. ती शून्य करा आणि फरक पडतो का पाहा.

एप्रिल-मे मध्ये दुपारीच जात असेल तर तापमान बघा. डेस्कटॉप डिस्कची मर्यादा साधारण ६० अंश असते, पण मी ५० च्या वर गेली की पंखा लावायला सांगतो. परभणी-नांदेडला बाहेर ४३ अंश असताना बंद टेबलाच्या कप्प्यात ठेवलेल्या कॅबिनेटमधली डिस्क ५० सहज ओलांडते. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा, पुढच्या बाजूला एक १२ सेंमीचा पंखा डिस्कच्या समोर येईल असा बसवा, आणि दोन डिस्क असतील तर मध्ये एक खण मोकळा सोडा.

हे सगळं करूनही डिस्क कधी दिसते, कधी बायोसमध्येही (विंडोजच्या आधीच्या सेटिंग स्क्रीनवर) येत नाही, आणि त्याच सुमारास मदरबोर्डवर एम.२ एसएसडी बसवलेली असेल, तर मदरबोर्डची पुस्तिका उघडा. पुष्कळ बोर्डांवर एम.२ चा खण आणि एखाद-दुसरा साटा पोर्ट एकाच वाटेवर असतात; खणात एसएसडी आली की तो पोर्ट बंद होतो. कोणता, ते पुस्तिकेत साटाच्या पानावर दिलेलं असतं. डिस्क दुसऱ्या पोर्टला लावा.